तिसरा दोष

मुनीमजी माह्या डोळ्यासमोर हात धुवून राहिला होता. पेढीच्या ओट्याच्या टोकाले मोरी होती, तिथं. आधी पाण्यानं. मंग राखेनं. मंग पुन्हा पाण्यानं. मनगटापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत. मी गादीवरून उठलो होतो, म्हणजे मले उठवलं होतं, अन् खाली पायरीपाशी उभा होतो. मधीच त्यानं मान वळवली अन् म्हणला, "आधी सांगाले तोंड नव्हतं का बे तुले?"

पाच मिनिटापयले याच माणसानं माहा हात धरला होता. अन् "वा रे पठ्ठ्या!" म्हणला होता.

ही गोठ अकोल्याची. छप्पनच्या दीक्षेले दोन वर्सं झाली होती अन् कापसाचा हंगाम तोंडावर आला होता. मी मॅट्रिक पास. आमच्या वस्तीत पयला. घर वलगावले. बा अमरावतीच्या एका जिनात कामाले, सरकी काढाच्या यंत्रावर. पंधरा वर्सं रुईचा फुफाटा छातीत गेलता. खोकला सुरू झाला की भिंत धरून बसे. डॉक्टरनं मले बाजूले घेऊन सांगतलं, "याला जिनातून काढ, नाही तर हा जिनातच जाईल." काढू कसा? मले नोकरी लागली की बा घरी बसन, एवढाच हिशोब होता. दुसरं काहीच नव्हतं डोक्यात.

लहानपणापासून बापाचा डबा घेऊन मी जिनात जात होतो. कापूस मले तिथंच समजला. बोंडातला चिमूटभर कापूस घ्याचा, दोन्ही अंगठ्यात धरून ओढाचा, धागा किती लांब निघते ते पाहाचं. मुठीत दाबून ओल पाहाची. कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, किती हाय, पाला किती हाय, गाडीच्या वरचा कापूस एक अन् बुडाचा एक तं नाही ना, हे पाहाचं. डोळे मिटून सांगत होतो मी. म्हणून जवा समजलं की अकोल्याच्या एका अडत्याले मॅट्रिक झालेला अन् कापसाची पारख असलेला माणूस पाहिजे, तवा मी कार्ड टाकलं. आठ दिवसात बोलावणं आलं. माहं आडनाव कुणब्यातही चालते, म्हणून आलं. पण हे मले तवा कुठं माईत? मले वाटलं, माह्या अक्षरावर खुश झाले.

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं गेलो. पेढीवर शेटजी होते अन् मुनीमजी होता. दोघंही लय गोड बोलले. "या बापू, बसा." गादीवर बसवलं. समोर कापसाचे चार ढीग टाकले. मी चारीचं सांगतलं. तिसरा ढीग पाहून म्हणलो, "शेटजी, याच्यात दोन जातीचा कापूस मिसळलेला हाय अन् खाली पाणी मारलेलं हाय." शेटजी हसले. म्हणाले, "मुनीमजी, हा तं तुमचाही बाप निंगाला!"

मंग हत्ता पाह्यला. तवा बाजारात भाव तोंडानं बोलत नव्हते. घेणाऱ्याचा अन् अडत्याचा हात उपरण्याखाली, अन् आत बोटं दाबून भाव कराचा. किती बोटं धरली, अर्धं बोट धरलं का पुरं, त्याच्यावर सौदा. बाजूच्याले पत्ता लागत नव्हता. बाजार कमिटीनं बंद केलं होतं म्हणे, पण पेढीच्या ओट्यावर चालूच होतं. मुनीमजीनं उपरणं माह्या हातावर टाकलं, खालून माही बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली. मी भाव सांगतला. बरोबर. पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. हे मी जिनाच्या फाटकावर हमालाईच्या पोट्ट्यासंग खेळून शिकलो होतो. तवा तो म्हणला, वा रे पठ्ठ्या. शेटजी म्हणाले, "उद्यापासून ये. फक्त मास्तर येऊन राहिले, ते दोन शब्द इचारतीन. ते पारखून घेतल्याबिगर मी माणूस ठेवत नाही."

अन् मास्तर आले.

पाह्यलं, तं आमच्या वलगावच्या शाळेतले हेडमास्तर. रिटायर होऊन अकोल्याले आलते, शेटजीच्या पोराईची शिकवणी घेत होते. मले आनंद झाला. खरंच झाला, लाज वाटते सांगाले. मले वाटलं, ओळखीचा माणूस निंगाला, काम झालं. मी उठून पाया पडाले वाकलो. त्याईनं पाय मागं घेतले.

या मास्तरची एक रीत होती. दर शनिवारी शाळा सुटाच्या आधी एकेक पोरगं उभं करत, अन् त्यानं त्या आठवड्यातले आपले दोष सगळ्याईसमोर सांगाचे. खोटं बोललो. आवळे चोरले. पाटील-देशमुखाईचे पोट्टे एखादा दोष सांगून खाली बसत. आमची पाळी आली की मास्तर म्हणत, "आणखी?" आम्ही आणखी सांगत जाऊ. नसलेले सांगू. जेवढे जास्त सांगू तेवढी शाबासकी. सात वर्सं मले हेच शिकवलं त्यानं, की माह्या अंगात दोषच दोष हायत अन् ते दुसऱ्यापुढं ओकले की मी चांगला.

ते शेटजीजवळ टेकले. मले ओळखलं होतं, पण ओळख दाखवली नाही. म्हणाले, "मुलाखतीत मी एकच प्रश्न विचारतो. तुझ्यातले दोष सांग."

मी म्हणलो, "माहं इंग्रजी कच्चं हाय."

"आणखी?"

"मले राग लवकर येते."

"आणखी?"

"आणखी नाही सुचत, मास्तर."

"नीट आठव. सगळ्यात मोठा राहिला."

शेटजी माह्याकडं पाहून राहिले, मुनीमजी पाहून राहिला. मी खरंच आठवून राहिलो होतो हो! खरंच शोधून राहिलो होतो माह्यात, काय वाईट हाय ते. वीस वर्साचा घोडा, अन् शाळेतल्या पोट्ट्यासारखा उभा.

मास्तरनं सुस्कारा टाकला. "तो सांगणार नाही. मीच सांगतो. शेटजी, हा वलगावच्या महारवाड्यातला आहे."

मुनीमजी गादीवरून असा उठला, जसा त्याले इंगळी डसली. अन् गेला मोरीवर.

मी म्हणलो, "आमी आता बौद्ध हावो." मास्तर म्हणाले, "नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही." शेटजी वाईट नव्हते, असं लोकं अजूनही सांगतात. शिवी दिली नाही त्याईनं. उलट म्हणाले, "पोट्टा हुशार हाय, मी नाही म्हणत नाही. पण उपरण्याखाली याचा हात धरन कोण? बाजारात समजलं तं माह्या ओट्यावर गाडी नाही लागाची." मंग म्हणाले, "गोदामावर ठेवतो याले. झाडझूड, राखण. कोणाच्या अंगाले लागाचं काम नाही. आजपासून ठेवतो."

गोदाम. म्हणजे पगार. म्हणजे बा घरी. मी मान हलवली. हो, हलवली मी. लपवत नाही.

"पण लिहून देऊ दे त्याला," मास्तर म्हणाले. "उद्या बोंब मारायला नको." मुनीमजीनं कागद अन् दौत-टाक पायरीवर ठेवला. हातात नाही देल्ला. मी पायरीवर बसलो. मास्तर सांगत गेले, मी लिहत गेलो. माझ्या अंगचे दोष पुढीलप्रमाणे. एक, माझे इंग्रजी कच्चे आहे. दोन, मला राग लवकर येतो. तीन, मी माझी जात लपवून गादीवर बसलो.

तीन लिहलं. पुढं "मी माझी" लिहलं. अन् टाक थांबला.

मले इचारलं होतं का कोणी? कापूस इचारला, कापूस सांगतला. भाव इचारला, भाव सांगतला. बसा म्हणले, बसलो. मी लपवलं कवा? मी वर पाह्यलं.

"शेटजी, माही पारख चुकली का?"

"नाही चुकली."

"हत्त्यात चुकलो?"

शेटजीनं तोंड वहीत घातलं. मास्तर म्हणाले, "लिही मुकाट्यानं. फार शहाणा झालास."

मी "मी माझी" खोडलं. अन् लिहलं: तीन, मुनीमजींनी माझा हात धरला, दोन्ही वेळा भाव बरोबर निघाला, मग त्यांनी हात राखेनं धुतला. हा दोष माझा नाही. खाली सही केली. ठळक. कागद पायरीवर नाही ठेवला, गादीवर चढलो बुटासगट अन् मास्तरच्या मांडीवर ठेवला. "तपासा मास्तर," म्हणलो, "काही चुकलं असन तं." मुनीमजी "अबे! अबे!" करत धावला. पण मले धरन कसा? धरलं असतं तं पुन्हा हात धुवा लागला असता त्याले. मी चालत गेलो, पळालो नाही.

घरी सांगतलं. वाटलं, बा पाठ थोपटन. बा इतका संतापला की खोकल्यानं डोळ्यातून पाणी आलं. "गोदाम देत होता ना तो? मंग! कागदावर लिहल्यानं अंगाले भोकं पडतात का? म्या जनमभर काय काय आयकलं, मेलो का मी?" मी म्हणलो, "म्हणूनच नाही लिहलं." तं हातातला लोटा फेकून मारला त्यानं. माय मधात पडली. म्हणली, "राहू द्या, पोरगं भुकेलं हाय." त्या दिवशी घरात कोणीच जेवलं नाही.

बाचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही. मरणाऱ्या माणसाले माही नोकरी पाहिजे होती, अन् माह्यापाशी ती होती, अन् मी फेकून आलो. दुसऱ्या दिवशी बा जिनात गेला. मीही गेलो, गठाणी उचलाले. मॅट्रिक पास हमाल. दोघं बापलेक एकाच फाटकातून आत जात होतो अन् तो माह्यासंग बोलत नव्हता.

पुढं तीन मुलाखती झाल्या, अमरावतीले दोन, चांदूर रेल्वेले एक. फिरून फिरून तोच सवाल, तुमच्यातले दोष सांगा. मी म्हणे, इंग्रजी कच्चं हाय, राग लवकर येते. "आणखी?" म्हणलं की मी म्हणे, "तुमी कामाचं इचारा. बाकी तुमचा काही संबंध नाही." तिन्ही ठिकाणून हाकललं. मले समजत होतं, काय आयकाचं हाय याईले ते. तोंडातून निंगालं असतं तं एखाद्यानं ठेवलंही असतं.

माह्यात दोष लय हायत. माही बायको सांगन, पोरं सांगतीन, त्याईचा हक्क हाय. पण ज्याले माह्या जन्माचा कबुलीजबाब पाहिजे, त्याच्यापुढं हे तोंड उघडणार नाही, हे मी त्या हमालीतच ठरवलं. उपाशी राहीन, तरी नाही. बा मेला, तरी नाही.

बा पुढच्या उन्हाळ्यात मेला. जिनातच, यंत्रापाशी. त्याले खांद्यावर घेऊन मी फाटकातून बाहेर आणला, अन् तवाही पुन्हा एकदा सोताले इचारलं, लिहून द्याले पाहिजे होतं का.

तरी नाही.