साठ काटे आणि एक स्क्रूड्रायव्हर

आमचे सासरे, दिनकरराव, चमचे मोजतात. रोज. जेवणं झाली, भांडी विसळली, की ओट्याशी उभे राहून "चमचे बारा, काटे बारा, सुऱ्या सहा" असं खणखणीत आवाजात म्हणतात आणि मगच हात पुसतात. आमच्या जर्मनीतल्या, हेर्त्सोगेनआउराखच्या घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर हा सोहळा होतो. पाहुणे बिचारे उगीच खिसे चाचपतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अन्वी, माझी नऊ वर्षांची लेक, ओरडते, "आजोबा त्सेल्ट शोन व्हीडर!" आजोबांची मोजणी पुन्हा सुरू झाल्याची बातमी अशी शेजाऱ्यांनाही मिळते.

दरवर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर ते येतात. चारुदत्त, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, सकाळी ऑफिसात पळतो. उरते मी, आणि सासऱ्यांच्या तोंडचे विंग कमांडर सबनीस.

सबनीस म्हणजे आधी लढाऊ वैमानिक, मग अंतराळवीर, मग खासदार, शेवटी मंत्री. एका जन्मात माणसाने बसावं तरी किती खुर्च्यांवर! बाबा, म्हणजे सासरे, हवाई दलात फिटर होते. उड्डाणाआधी सबनीसांना सीटच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं काम त्यांचं. "सर म्हणायचे, दिनकर, तू आवळलेस की मी निर्धास्त!" ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय. बेकरीतल्या बाईलासुद्धा त्यांची ती सांगून झाली आहे. बाबांना जर्मन शब्द येतात दोन, 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, पण गोष्ट सांगायला तेवढे पुरले.

२०१७च्या नोव्हेंबरात सबनीस गेले. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांना शोकसभेचा उत्साह बारशापेक्षा जास्त. रविवारी तीन ते सहा हॉल ठरला, बटाटेवडे ठरले, सात वक्ते ठरले. त्यांपैकी एकानेही सबनीसांना पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला, राजाभाऊंकडे फ्रँकफर्ट विमानतळावरचा एक फोटो आहे. त्यात मंत्रिमहोदयांचा कोपर स्पष्ट दिसतो.

बाबा तीन दिवस दार लावून भाषण लिहीत होते. लिहायचे, फाडायचे, पुन्हा लिहायचे. "मला बोलायचंय गं, विभावरी. या वेळी बोलायलाच हवं."

मी म्हटलं, झालं! पट्टे आले! मी मंडळाची सचिव. उद्या सगळ्या बायका गालातल्या गालात हसणार, ते मला. मी गुपचूप राजाभाऊंना फोन केला, "बाबांना शेवटी ठेवा." सहाच्या ठोक्याला हॉलचा रखवालदार, हाऊसमाइस्टर हेर लांग, किल्ल्या घेऊन दारात उभा राहतो आणि प्रत्यक्ष ब्रह्मदेव भाषण करत असला तरी दिवे मालवतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

अगदी तस्संच झालं. सहाला पाच कमी असताना राजाभाऊ म्हणाले, "वेळेअभावी दिनकरकाकांचं भाषण राहतंय. दोन मिनिटं शांतता पाळू या." शांतता सव्वा मिनिट टिकली. मग उरलेले वडे डब्यांत भरून घेऊन मंडळी पसार झाली. बाबांनी हातातल्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

इथे हॉल झाडून, भांडी मोजून परत द्यावा लागतो. हे मानाचं काम अर्थातच सचिवाकडे, आणि तेवढ्यापुरते पंधरा मिनिटं हेर लांग दिवे ठेवतो. चारुदत्त अन्वीला घेऊन गाडी आणायला गेला. मी झाडू घेतला, बाबांनी काटे. हेर लांगच्या यादीत साठ होते. बाबांनी मोजले, एकोणसाठ. पुन्हा मोजले, एकोणसाठच.

हेर लांग म्हणाला, असू दे. असं तो कधी म्हणत नाही. मीही म्हटलं, "अहो बाबा, चला ना आता. नवा आणून देऊ."

"एक कमी आहे. निघायचं नाही." आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गुडघे टेकून टेबलाखाली शिरला.

माझं डोकंच फिरलं. "काटा आहे हो तो! त्याने काय विमान पडणार आहे?"

"पडलं असतं," टेबलाखालून आवाज आला.

बाबा बाहेर आले, तिथेच जमिनीवर बसले. "माझा स्क्रूड्रायव्हर कॉकपिटमध्ये राहिला होता. मी मोजलं नव्हतं. सह्या मात्र ठोकल्या. सरांनी वर विमान उलटं केलं, तर तो त्यांच्या नाकासमोर तरंगत आला. कुठे अडकला असता तर संपलं होतं. खाली उतरले, माझ्या खिशात तो ठेवला आणि म्हणाले, 'दिनकर, मोजत जा.' बस्स. रिपोर्टमध्ये एक अक्षर नाही. लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. चारू तेव्हा पाळण्यात होता."

"मग पट्ट्यांची गोष्ट..."

"तीही खरी. त्यानंतरची. सरांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मलाच बोलावलं बांधायला. ते होते तोवर बाकीचं सांगता येईना. लपवलं त्यांनी, त्यांना भोवलं असतं. आज म्हटलं चारचौघांत चूक कबूल करावी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राजाभाऊ म्हणाले, मला शेवटी ठेवायचं तूच सांगितलंस. बरोबरच आहे तुझं. एकच गोष्ट चाळीस वर्षं कोण ऐकेल?"

मला स्वतःची लाज वाटली. मी कचऱ्याची पिशवी ओतली आणि चटणी माखलेल्या कागदी बशा उपसत सुटले. तळाशी काटा होता. मी तो धुऊन त्यांच्या हातात दिला.

"साठ," बाबा म्हणाले.

"आता वाचा, बाबा. कागद काढा."

ते सबनीसांच्या फोटोसमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी भाषण पूर्ण वाचलं. हेर लांगने टोपी काढली. त्याला एक अक्षर कळत नव्हतं आणि घड्याळात साडेसहा झाले होते.

मंगळवारी राजाभाऊंचा फोन आला. सभेचं प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त, मी सहीसाठी पाठवलं होतं.

"वहिनी, हे आठवं भाषण कुठलं? आम्ही नाही ऐकलं."

"तुम्ही वडे घेऊन गेला होतात."

"आणि खाली हे काय? 'वक्त्यांना वेळ न मिळण्यास सचिव जबाबदार'? असं कुणी लिहितं का? काढून टाका."

"रिपोर्टमध्ये लिहायचं असतं, राजाभाऊ," मी म्हटलं. "सही करा."