शंटने उघडी पाडलेली बॅटरी

घाटकोपरच्या बॅटरीवाल्याने मला फसवलं. वापरलेली बॅटरी नवी म्हणून विकली, तीही मला, जो भाजीबरोबर कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय हलत नाही!

पवईला माझी कुल्फीची व्हॅन उभी असते. जनरेटरच्या आवाजावरून तक्रारी झाल्या, म्हणून टपावर सोलर पॅनल आणि आत बॅटरी घेतली. तिच्यावर दोनशे अँपिअर-अवर क्षमता छापली होती. कांदिवलीच्या एका लग्नाची ऑर्डर आली होती. शेवटची पंगत उठेपर्यंत फ्रीझर चालायला हवा, तर बॅटरीत किती उरलंय ते कळायला हवं. ते शंट सांगतो. धातूचा जाड ठोकळा, बॅटरीच्या निगेटिव्हवर बसतो. आत आलेला, बाहेर गेलेला करंट मोजतो आणि आकडा डिस्प्लेवर दाखवतो.

त्याच बॅटरीवाल्याने छोटा शंट पुढे केला. "शेठ, बस झाला हा."

"फ्रीझर सुरू होताना केवढा झटका मारतो, माहितीय? मोठा काढ. आणि बॅटरीवर फुकट दे."

घसा बसेपर्यंत भांडलो. दिला!

पाना घेऊन मीच बसवला. डिस्प्ले उजळला तसा ओरडलो, "झकास!"

बायको म्हणाली, "अहो, दिवे चालू आहेत आणि हा शून्य दाखवतोय. झकास काय त्यात?"

खरंच की! दिव्यांची काळी वायर मी थेट बॅटरीवरच ठेवली होती. तो करंट शंटमधून जातच नव्हता. सगळ्या काळ्या वायरी शंटच्या पलीकडच्या बोल्टवर घेतल्या आणि आकडा हलला! ऊन आलं की वर, ढग आला की खाली. गिऱ्हाईक खोळंबलं तरी माझी नजर हटेना.

मग बॅटरी पूर्ण भरली, पॅनलची वायर काढली आणि फ्रीझर चालवला. इन्व्हर्टरने मान टाकली तेव्हा बाहेर पडले होते फक्त एकशे अठरा अँपिअर-अवर. डोकं फिरलं, पण अंगावर रोमांचही उभे राहिले. चोर सापडला होता!

बॅटरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, शंट खराब असेल."

"अरे, तुझ्याच दुकानातला आहे ना!"

"फुकटातला तो. फुकटात काय चांगलं मिळणार?"

वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून ताडून पाहिलं. शंट चोख होता. लग्नाची ऑर्डर मात्र मला सोडावी लागली. वितळलेली कुल्फी मी कुणाच्या पंगतीत वाढत नाही.

आता तो फोन उचलत नाही. त्याने व्हॅनवर यावं, स्वतःच्या हाताने ती बॅटरी भरावी, रिकामी करावी आणि डिस्प्लेवरचा आकडा मोठ्याने वाचून मला सांगावं, हे दोनशे कसे?