चूलबंद आवतन

“भांडं नाही आणलंस?”

वकिलीणबाईंनी हे माझ्या मायला विचारलं. भर दुपारी, मांडवाच्या मागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी. माय नवं पांढरं लुगडं नेसून आली होती. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. माझ्या वेण्यांना रिबिनी होत्या. आम्ही लग्नाला आलो होतो. भांडं कशाला आणू?

माय धरमपेठेतल्या त्या वकिलांकडे धुणीभांडी करायची. बाबा मिलमध्ये. वस्ती आमची नाल्यापलीकडे. घर दीक्षा घेतलेलं. जुने देव आजोबांनी तेव्हाच नाल्यात सोडले होते. देव सुटले, पण त्या बंगल्याचं मागचं दार काही सुटलं नव्हतं.

वकिलांच्या मुलीचं लग्न ठरलं. कार्डं छापून आली, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. बाई नवऱ्याला घेऊन जोडीनं घरोघरी गेल्या. बसल्या, चहा घेतला, कार्ड हातात दिलं. मायला मात्र भांडी घासताना मोरीच्या दारातूनच म्हणाल्या, “अगं, लग्नाच्या दिवशी तुमचं चूलबंद आवतन आहे हं.”

आमच्याकडे हे आवतन साधं नसतं. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. मायनं सकाळीच चूल सारवली आणि कोरडी ठेवली. धाकटा भाऊ भुकेनं रडत होता. “थांब गा बाबू, लाडू भेटन तिथं.” टोपल्यात शिळी भाकर होती. तीही दिली नाही. त्या भाकरीवरून मला मायचा आजही राग येतो.

मांडवात पंगतींवर पंगती उठल्या. तळणाचा वास येत होता. आम्हाला कोणी बसा म्हणेना. बाबा पुढे गेले की कोणीतरी म्हणायचं, “तुम्ही मागे थांबा.” आम्ही मागे थांबलो. शेवटी बाई आल्या आणि त्यांनी भांड्याचं विचारलं.

माय गोंधळली. “बाई, तुमीच तं आवतन देल्लं होतं ना आमाले. चूलबंद.”

“हो, दिलं ना! म्हणून तर ठेवलंय सगळं. घरी नेऊन निवांत खा.”

त्यांनी बोटानं पातेलं दाखवलं. भात, वरण, भाजी, सगळं एकात एक ओतलेलं. वर एक अर्धा खाल्लेला लाडू.

बाई रागात नव्हत्या. हसत होत्या. आपल्या हातून पुण्य घडतंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला तेच जास्त झोंबलं.

बाबा मान खाली घालून उभे. माय पदर पुढे करू लागली. त्या नव्या लुगड्याचा पदर. मी तिचा हात धरला. “माय, नाई! आपल्याले आवतन आहे. पंगतीत बसाचं, नाई तं घरी चाल.”

“पोरगी फारच आगाऊ आहे गं तुझी,” बाई म्हणाल्या.

मायनं माझ्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला. “आगाऊ नाई बाई. उपाशी आहे थे.”

आम्ही निघालो. उन्हात, उपाशी, चौघं. घरी येताच मायनं चूल पेटवली. ती फुंकर मारत होती आणि रडत होती. धुरानं नाही, रडतच होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. बाबांनी विचारलं, “काहून वं?”

“त्याइनं माही चूल इझवली. आता त्याइचे भांडे थेच घासतीन.”

पुढे मी शिकले, शिक्षिका झाले. माझं लग्न ठरलं. निळ्या अक्षरात कार्डं छापली. वाटायला निघालो तेव्हा माय म्हणाली, “एक वकिलीणबाईले.”

मी भडकले. “काहून? त्याइले काहून?”

“आवतन कसं देतेत, थे पाहू दे ना तिले.”

यावेळी पुढच्या दारानं गेलो. बाई झोपाळ्यावर होत्या. केस पिकलेले. ओळखलं त्यांनी. “अगंबाई, लग्न का? ठेव तिथं पायरीवर.”

मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. “हातात घ्या, बाई. चूलबंद आहे. आमच्यासोबत, एकाच पंगतीत.”

झोपाळा थांबला. हात मांडीवरचा हलला नाही. “आमचं कसं जमणार गं?”

मी कार्ड पिशवीत परत टाकलं. पायरीवर ठेवलं नाही. फाटकापाशी मायनं माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

आता माझ्या घरी गॅस आहे. कोणी आवतन द्यायला आलं की मी खुर्ची देते, पाणी देते आणि तोंडावर विचारते, “पंगत एकच ना?” समोरचा अडखळला की तिथंच उठते आणि त्याच्या देखत भाताचं आधण ठेवते.