चाकांची तहान

हाजराबी भिस्त्याची लेक. तिचा बाप वाशीमच्या बाजारात दुकानांपुढे पाणी शिंपडायचा. दुपारचा फुफाटा उठला की तो खांद्यावर कातडी मशक घेऊन यायचा, तिचं तोंड दोन बोटांत धरायचा, आणि पाण्याची एक लांब वेल उन्हात झुलत झुलत मातीवर टेकायची. माती खाली बसायची. छोट्या हाजराला वाटायचं, आपला बाप रस्त्याला झोपवतो.

दर गुरुवारी तो मशक मांडीवर घेऊन बसे. करडईचं तेल कोमट करून तळहातानं तिच्यात जिरवी. त्या वेळी कोणाशी बोलत नसे. तेल पाजताना बोललं की नजर लागते, असं त्यांच्या घरात मानत. हात पुसून झाल्यावर मात्र सांगे, "कातडं जित्तं असते, बेटी. त्याले तहान लागते. तेल नाई पाजलं तं ते तडकते, आन भर बाजारात दगा देते."

बाप गेला तेव्हा मशक हाजराकडे आली. लग्न होऊन ती आसेगावला आली होती. तिथे तिला पाणी कोण मागणार? पण मशक खुंटीवर टांगलेली राहिली, आणि गुरुवारचं तेल चुकलं नाही.

तिचा नवरा निजामुद्दीन हा हरिसिंग ठाकुरांच्या कापसाच्या गाड्या सरकी काढायला वाशीमच्या जिनात न्यायचा. वाटेत दगडगोटे फार. चाकाची लोखंडी धाव त्यांच्यावर आपटत जायची, तो खणखणाट त्याच्या कानांत घर करून बसला होता. घरी आला तरी तो ओरडूनच बोले. भाकर मागायची तरी वेशीबाहेर हाक जावी अशी.

"हळू बोला नं जी," हाजराबी म्हणायची. "मी काय तुमचा धवळ्या बैल हावो?"

"काय म्हनतं?" तो विचारायचा. त्याला खरंच ऐकू आलेलं नसायचं.

अडतीस सालच्या दिवाळीला हरिसिंगांनी अकोल्याहून लारी आणली. छोटीच, पुढे दोघांपुरती बैठक आणि मागे लाकडी हौदा. आसेगावातली पहिली. निजामुद्दीन दोन महिने अकोल्याला राहून ती चालवायला शिकून आला होता. पहिल्याच संध्याकाळी ठाकुरांची परवानगी काढून त्यानं हाजराबीला शेजारी बसवलं आणि नाल्यापर्यंत नेलं.

पुढे यंत्र गुरगुरत होतं, पण खाली काहीच नव्हतं. ना खणखण, ना हादरा. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस मागे सरकत होता, जणू कोणी पांढरी चादर हळूच ओढून घेत आहे. हाजराबीनं वाकून बाहेर पाहिलं.

"चाकं फिरून राह्यले का थांबले?"

"फिरून राह्यले," निजामुद्दीन म्हणाला. "रबर हाये ते. आवाज पिऊन घेते."

हे तो इतक्या हळू बोलला, की तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याचा हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. थोडा घोगरा, थोडा लाजरा. त्यानंतर घरातही तो तसाच बोलू लागला. चुलीपाशी बसून रस्त्याच्या गोष्टी सांगू लागला. कुठं मोर आडवा आला, कुठं चिंचेची सावली थेट रस्ता ओलांडून जाते. हाजराबी भाकरी थापता थापता थांबायची, थापटण्याच्या आवाजात त्याचा एखादा शब्द बुडू नये म्हणून.

एका दुपारी गाव झोपलं असताना ती ठाकुरांच्या आवारात जळण आणायला गेली. निंबाखाली लारी उभी होती. चाकांवर राखेसारखा कोरडेपणा आला होता. तिनं बोट फिरवलं. काळं, जाड, कातड्यासारखंच. आवाज पिणारं आणि कोणी काही न पाजलेलं.

पुढच्या गुरुवारी ती तेलाची वाटी पदराखाली घेऊन आली. निंबाच्या सावलीचे कवडसे चाकांवर हलत होते. कुठं तरी एक होला घुमत होता. चारही चाकांना तिनं तळहातानं तेल पाजलं, एक शब्द न बोलता. रबरानं ते खरंच पिऊन घेतलं. चाकं म्हशीच्या पाठीसारखी चमकू लागली.

"लारी कशी नवरीवानी दिसून राह्यली," संध्याकाळी निजामुद्दीन म्हणाला. ती नुसती हसली.

पौषात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि काळ्या मातीत लारी घसरली. चाकांवरच्या खाचा उथळ होत्या, चिखलानं लगेच बुजायच्या. मग चाकं जागच्या जागी फिरत आणि लारी आडवी होई. शेवटी त्याच जुन्या बैलांना जुंपून ती बाहेर काढावी लागे. पण माती वाळली तरी चाकांचं दुखणं वाढतच गेलं. रबर फुगलं, बिलबिलीत झालं. त्यात खडे रुतून बसत आणि त्यांच्याबरोबर खपल्या निघून येत.

"कारखान्यातून आलेलं रबर, आन चार महिन्यांत सडलं," हरिसिंग म्हणाले. त्यांनी शाळेच्या मास्तरांना बसवून टायरच्या कंपनीला एक पत्र लिहवून घेतलं. पत्र इतकं कडक होतं की मास्तरांनी दोन शब्द गाळले, असं पुढं कळलं.

खपल्या पाहून हाजराबीला बापाची मशक आठवली. तहान पुरी भागली नसेल. ती आता सोमवारीही तेल पाजू लागली.

होळीच्या आधी हरिसिंगांनी निर्णय सांगितला. "वाशीमहून सैफुद्दीन नवे टायर घिऊन येते. हे शेवटचे, निजाम. हेही सडले तं लारी इकून टाकतो. आपल्या गाड्या काही मेल्या नाईत."

त्या दिवशी निजामुद्दीन घरी आला आणि काहीच बोलला नाही. मोठ्यानं नाही, हळूही नाही. हाजराबीला ती शांतता सोसेना. गाड्या पुन्हा सुरू होतील, धावेचा खणखणाट पुन्हा त्याच्या कानांत जाऊन बसेल, आणि चुलीपाशी बसणारा हा माणूस निघून जाईल. नव्या चाकांना पहिल्या दिवसापासून तेल पाजायचं, तिनं ठरवलं.

सैफुद्दीन सकाळीच आला. वाशीमला त्याचं टायरांचं दुकान होतं. नव्या टायरांच्या खाचा बोटभर खोल, नांगरलेल्या वावरासारख्या. हाजराबी वाटी पदराखाली धरून निंबाआड उभी राहिली, तो गेला की काम उरकावं म्हणून.

सैफुद्दीननं जॅक लावून लारी उचलली, पान्ह्यानं चाक सोडवलं आणि जुना टायर रिमवरून उतरवला. त्यावर अंगठा दाबला. अंगठा रुतला. मग टायर नाकाशी नेला.

"ठाकूरसाब, याच्यात भजे तळले का?"

"काय झालं?"

"तेल हाये. खायाचं तेल. रबराचा दुश्मन. याच्यानंच फुगला हा."

हरिसिंगांनी निजामुद्दीनकडे पाहिलं. "काहून रे? मी कंपनीले शिव्या लिवून राह्यलो, आन तू माह्या लारीले तेल चोपडून राह्यला?"

"खुदा की कसम, मी हात नाई लावला."

"मंग कोनं? लारीले तुह्याबिगर कोन हात लावते? चाबी दे इकडं."

निजामुद्दीननं कमरेची किल्ली काढली. ती देताना त्याचा हात मधेच थांबला.

हाजराबी निंबाआडून पुढे आली. वाटी तिनं पदराबाहेर काढली आणि लारीच्या फळीवर ठेवली. कोमट तेलाचा वास पसरला.

"मी पाजलं, ठाकूरसाब. हे आजबी त्याच्यासाठीच आनलं व्हतं. मले वाटलं, कातडं हाये. माहा बाप मशकीले पाजे. यायले काही ठावं नाई."

 निजामुद्दीन तिच्याकडे पाहत राहिला. लारी नवरीसारखी दिसली होती ती संध्याकाळ त्याला आठवली असावी, कारण त्याचे डोळे एकदम मऊ झाले.

"मास्तर दोनदा बोलावला मी त्या पत्रापायी," हरिसिंग अखेर म्हणाले.

"पत्र वाया नाई गेलं," सैफुद्दीन खाली बसून म्हणाला. "खाचा त्यायच्याच उथळ व्हत्या. घसरनं कंपनीचं, फुगनं भाभीचं. आर्धं आर्धं वाटून घ्या. नवे टायर तेलाबिगर ठेवा, दोन वर्षं चालतीन, माही हमी."

"मंग यायले काय लागते?" हाजराबीनं विचारलं. तिला अजूनही वाटत होतं, काहीतरी लागतच असणार.

"पानी. चिखल धुवून टाकायचा, बास."

हरिसिंगांनी किल्ली घेतली नाही. वाटी उचलून तिच्या हातात दिली. "हे घरी ने, बाई. निजामच्या भाजीत टाक. थो वाळला लय या चार महिन्यांत."

पुढच्या गुरुवारी दुपारी गाव झोपलं होतं. हाजराबीनं खुंटीवरची मशक उतरवली, विहिरीवर नेऊन भरली. इतक्या वर्षांत ती एकदाही तडकली नव्हती. खांद्यावर तिचं थंड वजन घेऊन ती निंबाखाली आली. तोंड दोन बोटांत धरलं, बाप धरायचा तसं. पाण्याची वेल झुलत झुलत निघाली आणि खोल खाचांमधून माती सोडवत खाली उतरली.

निजामुद्दीन लारीच्या हौद्याच्या कडेवर पाय सोडून बसला होता.

"तिकडल्या बाजूनंबी," तो म्हणाला. इतक्या हळू, की होल्याचं घुमणं थांबलं नाही.