डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका

द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात कोंडिबा एकोणीस वर्षं ट्रेलर चालवत होता. मूळचा कोरेगाव तालुक्यातला, आता बोनकोड्यात एका खोलीत बायको राजाबाईबरोबर राहायचा. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर तो रिव्हर्समध्ये असा घालायचा, की दोन्ही अंगांना वीतभरच जागा उरायची. नवे ड्रायव्हर कामं टाकून बघत उभे राहायचे. हे सगळं तो एका डोळ्यानं करतो, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी कंटेनर आवळायचा पट्टा तुटला आणि त्याचा हूक डाव्या डोळ्यावर बसला. जखम भरली, पण बुबुळावर दुधासारखा पडदा धरला आणि त्या बाजूचा उजेड हळूहळू विझला. दरवर्षीच्या तपासणीत उजवा डोळा झाकायला सांगितलं, की कोंडिबा बोटांत फट ठेवून त्याच डोळ्यानं अक्षरं वाचायचा. एरवी डोळ्यांवर काळा गॉगल. मोरा जेट्टीवरच्या एका कोळ्याकडून घेतलेला. पाण्यावरची चमक मारून खालचे मासे दाखवणारा. राजाबाईला त्यानं ‘जरा अधू झालाय’ एवढंच सांगितलं होतं.

गेटवरच्या कॅमेऱ्याची त्याला भीती नव्हती. ट्रेलरच्या पुढच्या काचेत आभाळ असं लखलखायचं, की फोटोत ड्रायव्हरच्या जागी पांढरा ढग यायचा. मॅनेजर नंदकुमार साहेबांना हेच खुपत होतं. गाडी कोण चालवतंय ते दिसलंच पाहिजे, म्हणून त्यांनी महापेच्या एका कंपनीला नवा कॅमेरा बसवायला बोलावलं. ऋता आणि निशांत असे दोन इंजिनिअर आले.

ऋतानं ड्रायव्हरांची रांग निरखली. “सर, सगळ्यात डार्क चेहरा लागेल. तो नीट आला की बाकीचे आपोआप येतील.”

“मग आमच्या कोंडिबाला घ्या!” साहेब म्हणाले. “डांबराला घाम फुटला तर असाच दिसेल.”

सगळे खिदळले. सोळा वर्षं सोबत गाडी चालवणारा शहाजी तर पोट धरून हसला. कोंडिबाही हसला. हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती.

दुपारी बारा ते तीन, इंजिन बंद, खिडक्या बंद, कोंडिबा केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसायचा. पहिल्या दिवशीच निशांत ओरडला, “काका, गॉगल काढा. त्याच्यामुळे डोळ्यांच्या जागी भोकं दिसतील.” कोंडिबानं क्षणभर विचार केला आणि काढला. तसंही फोटोत ढगच येतो, काय बिघडतंय!

उलट त्यानं आपणहून मदत केली. “म्याडम, ह्यो गॉगल घालून मान वाकडी केली, तर समोरच्या गाडीच्या काचंवरची चमक कमी-जास्त व्हती. आसं का वो?”

ऋता खूश झाली. “अहो काका, आमचा कॅमेरा हेच करतो! काचेवरून उसळलेला उजेड एकाच दिशेनं जास्त थरथरतो, चेहऱ्यावरून येणारा तसा नसतो. कॅमेऱ्यात बारीक बारीक जाळ्या आहेत, चार दिशांच्या. कुठला उजेड काचेचा आणि कुठला तुमचा, ते त्यांना कळतं. मग काचेचा वजा करायचा आणि तुमच्या चेहऱ्यापुरता उजेड धरायचा.”

“आन् चमक सगळ्यात वंगाळ कवा आसती, ते म्या सांगतो,” कोंडिबा म्हणाला. कुठल्या वेळी, गाडी कुठं उभी असली की काच पेटते, ते त्यानं सगळं सांगितलं. निशांतनं लिहून घेतलं. घरी येऊन कोंडिबा राजाबाईला म्हणाला, “इंजिनेर लोक मला इचारत्यात.”

चौथ्या दिवशी ढगातून नाक उमटलं. सहाव्या दिवशी मिशीचे केस मोजता येऊ लागले. सातव्या दिवशी निशांत पडद्याकडे बघून वैतागला. “हा काय पांढरा ठिपका? डाव्या डोळ्यात चमक राहिलीय.”

कोंडिबानं ते ऐकलं. तो खाली उतरला, ओल्या फडक्यानं काच घासघासून पुसली. “डाग आसंल वो.” ठिपका हलला नाही. दोघांनी दोन दिवस त्याच्यावर डोकं फोडलं. उजेड कमी केला, आकडे बदलले. चेहरा काळा पडला, तरी ठिपका तसाच. कोंडिबा आत बसून घामाघूम होत, मान जरा जरा डावीकडं वळवत राहिला.

“हलू नका काका!”

नवव्या दिवशी नंदकुमार साहेब स्वतः आले. ऋता म्हणाली, “एकदा काचेशिवाय बघू. काका, खाली या, इथे उभे राहा.”

कोंडिबा म्हणाला, “म्याडम, आज ऱ्हाऊ द्या. चक्कर येतीय.”

“दोनच मिनिटं.”

तो उन्हात उभा राहिला. मध्ये काच नव्हती, चमक नव्हती. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि डाव्या डोळ्यात तोच पांढरा ठिपका.

ऋता आनंदानं किंचाळली. “निशांत, एरर नाहीये! डोळाच तसा आहे! कॅमेरा पहिल्यापासून बरोबर दाखवत होता!”

निशांतनं तिला टाळी दिली. साहेब पुढं झाले आणि त्यांनी कोंडिबाच्या उजव्या डोळ्यावर स्वतःचा तळहात ठेवला. यात फट नव्हती.

“किती बोटं?”

कोंडिबानं बोटं चाचपायला हात पुढं केला.

“इतकी वर्षं माझ्या गेटातून आंधळा आत-बाहेर करतोय,” साहेब म्हणाले. “चाव्या दे.”

त्यानंतरच्या पंधरवड्यात कॅमेऱ्यानं आणखी चौघांना धरलं. दोघं फोनवर बोलताना, एक डुलकी घेताना आणि शहाजी तंबाखू मळताना, दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढलेले. चौघांनाही घरी बसवलं. कोंडिबानं इंजिनिअरांना चमकेच्या वेळा सांगितल्या, हे यार्डभर झालं होतं.

कोंडिबाला मात्र ऋतानं ठेवून घेतलं. तिनंच साहेबांना गळ घातली, “असा चेहरा आणि असा डोळा टेस्टिंगला पुन्हा मिळणार नाही, सर.” राजाबाई म्हणाली, “नगा जाऊ. ती मानसं तुमचा तमाशा करत्यात.” तो म्हणाला, “मग करू काय? आता कोन गाडी दील मला?” आणि गेला.

भिंतीच्या कडेला चाकं काढलेली एक जुनी केबिन ठेवली होती. तिथं तो बारा ते तीन स्टिअरिंग धरून बसायचा. ओळखीचे ट्रेलर समोरून जायचे, हॉर्न कुणी वाजवायचं नाही.

एका दुपारी शहाजी आपला हिशेब घ्यायला यार्डात आला होता. तो डाव्या बाजूनं केबिनकडं आला. कोंडिबाला दिसलाच नाही. काचेवर थाप पडली तेव्हा तो दचकून वळला.

“शहाजी? आरं, म्या मुद्दाम न्हाय रं...”

शहाजीनं तोंडातला तंबाखूचा तोबरा पुढच्या काचेवर, बरोबर त्याच्या तोंडासमोर थुंकला आणि गेटाकडं चालायला लागला. कोंडिबानं फडकं शोधलं, दाराच्या मुठीला हात घातला.

“काका, पुसू नका!” ऋताचा आवाज आला. “घाण काचेतूनही चेहरा येतो का, बघू दे. इकडे बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवा.”

कोंडिबानं हात मागं घेतला आणि समोर बघितलं.