आक्का आधी जेवायच्या

दुपारचे दोन वाजून गेले आहेत. मी हॉलमध्ये चटईवर आडवी झाले आहे, पण डोळे मिटावेत की नाही हे ठरत नाही. दाराची वरची कडी लावली आहे. गॅस खालून बंद केला आहे. गॅलरीचं दार ओढून घेतलं आहे. घटकाभर मिटायला हरकत नाही, असं मनाशी म्हणते आणि तरी एक डोळा सोफ्याकडं ठेवते. सोफ्याच्या मागं माझी नात रेवा ठोकळे मांडून बसली आहे. चार वर्षांची आहे. मी उठून बसले की ती मागं सरकते. पडून राहिले की खेळते. म्हणून मी पडून आहे.

आज जेवणाच्या वेळी काय झालं ते आधी सांगते.

रेवा तीनच गोष्टी खाते. दूध, बिस्कीट आणि तूप-साखर घातलेला भात. हिरवं दिसलं की तोंड फिरवते. वरणात जिरं सापडलं तरी ताट ढकलते. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. तिची आई प्राची, म्हणजे माझी सून, शाळेत शिकवते. मुलगा रणजित सकाळी जातो तो अंधार पडताना येतो. पोरीला दुपारचं कोणी नीट जेवू घालावं म्हणून त्यांनी मला गावाहून साताऱ्याला आणलं. तीन आठवडे झाले. पोरीनं एक नवा घास घेतला नाही.

काल प्राची म्हणाली, "आई, यात तुमचा काही दोष नाही. पण एक तारखेपासून तिला पाळणाघरात घालून बघू या. चार मुलांत बसली की खाईल."

चांगल्या मनानं म्हणाली. मग मी इथं कशाला, हे तिनं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हणून आज मी घाई केली. मेथीच्या भाजीचा घास केला, रेवाचं नाक धरलं आणि तोंड उघडलं तसा आत घातला. माझ्या तीन पोरांना मी असंच चारलं होतं. रेवा ओकली. सकाळचं दूधसुद्धा पडलं. मी तिला धुतलं, पुसलं, फ्रॉक बदलला. मग समजूत काढावी म्हणून डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तिनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. ती नुसत्या हाताला भ्याली.

मला मेथीचं काही वाटत नाही. पण ती माझ्या हाताला भ्याली, हे काही केल्या खाली उतरत नाही.

पंख्याची एक पात वाजते. खर्र, मग जरा थांबून परत खर्र. ऐकता ऐकता तो आवाज सुपाचा होतो. कोणीतरी धान्य पाखडत आहे. पाठीखालची फरशी मऊ लागते आणि ओल्या सारवणाचा वास येतो. मान वळवते तर सोफा आहे तिथंच आहे, पण त्याच्या पलीकडं आमच्या गावचं खळं आहे, आणि खळ्याच्या मधोमध हौसाक्का पाय पसरून बसल्या आहेत.

हौसाक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हे मला आत्ताही माहीत आहे, पण त्यात विशेष काही वाटत नाही. परगावी गेलेलं माणूस परत आल्यावर वाटतं, तेवढंच वाटतं.

"निजलीस व्हय गं शेवंते?"

"नाही आक्का. नुसती पडलेय."

"पड की. मी काय उठवायला आले नाही."

त्यांच्या लुगड्याच्या ओट्यात हुलग्याच्या घुगऱ्या आहेत. मीठ घालून शिजवलेले अख्खे हुलगे, अजून वाफ निघते आहे. त्या चिमटीनं उचलतात, तोंडात टाकतात, सावकाश चावतात. कपाळावर तेच हिरवं गोंदण. एका कानात बुगडी आहे, एका कानात नाही.

"आक्का, तुम्ही अजून खाताच आहात?"

"मग काय, मेल्यावर उपास धरू?"

मला हसू येतं, पण मी पदर तोंडाला लावते. आमच्या घरात तशीच रीत होती. बाईनं मोठ्यानं हसायचं नाही आणि आधी जेवायचं नाही. पुरुषांची पंगत उठायची, मग पोरं, मग सासूबाई, आणि उरलंसुरलं आम्ही दोघी जावांनी चुलीकडं तोंड करून खायचं. मी तसं खाल्लं. आक्कांनी ती रीत कधी पाळली नाही. भाकरी तव्यावरून उतरली की त्या ताट घेऊन अंगणात येऊन बसायच्या, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सासूबाई बोलबोल बोलायच्या. आक्कांना मूलबाळ नव्हतं. मी मनात म्हणायचे, हिला कुणाच्या पोटाची काळजी नाही, म्हणून हिला आधी जेवायचं सुचतं.

खळं हलायला लागतं. बाजूनं खिडक्या येतात, खिडक्यांना आडवे गज येतात, आणि आम्ही दहिवडीच्या एसटीत बसलेल्या असतो. ड्रायव्हरच्या शेजारी चूल पेटली आहे, तिच्यावर भाकरी टम्म फुगली आहे, आणि कोणालाच त्याचं नवल नाही. पायरीवर एक मूल बसलं आहे. माझा रणजित, सहा वर्षांचा. तो आक्कांच्या ताटाकडं बघतो आहे.

"भूक लागली का रं?" मी विचारते.

"नाही," रणजित म्हणतो, आणि आक्कांच्या ताटातलं कारलं उचलून तोंडात टाकतो.

कारलं. माझ्या हातून त्यानं कधी वांगंसुद्धा खाल्लं नव्हतं.

"बघितलंत? मी विचारलं तर नाही म्हणतो आणि तुमच्या ताटात हात घालतो. काय जादू करत होतात तुम्ही माझ्या पोरांवर?"

"मी कसली जादू करते. मला भूक लागायची, मी बसायचे. ती यायची."

"काहीतरी सांगत असाल. गोष्ट वगैरे."

"तोंडात घास असताना गोष्ट कशी सांगतात गं?" आक्का भाकरीचा तुकडा मोडतात. "पोरगं शेजारी बसलंय की नाही हेसुद्धा मी बघत नव्हते. निम्मं ताट रिकामं झालं की कळायचं."

एसटी थांबते. उतरले तर शाळेची खोली आहे आणि भिंतीला फळा आहे. साक्षरतेचा वर्ग. बेचाळीस वर्षांची मी खाली पाटी घेऊन बसले आहे, आणि बोटांत पेन्सिल नीट धरता येत नाही म्हणून ती मुठीत धरली आहे. आक्का दारात उभ्या आहेत. त्या वर्गाला कधी आल्या नाहीत. रोज सांजेला मी दोन तास इथं यायचे तेव्हा रणजित त्यांच्याजवळ असायचा.

"आक्का," मी पाटीवरून वर बघत म्हणते, "तुम्ही त्याला जेवू घालत होतात म्हणून मला शिकता आलं."

"जेवू घालत नव्हते, बाई. जेवत होते."

मला जे म्हणायचं आहे ते दुसरंच आहे. तीस वर्षं ते तसंच राहिलं आहे. त्या गेल्या तेव्हा मी पुण्याला मोठ्या मुलीकडं होते, आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आता त्या समोर आहेत, तर मी पाटी बाजूला ठेवते.

"आक्का, मी तुम्हाला हावरी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. सुगीच्या दिवसांत. मळणीला आलेली माणसं बसली होती."

"सगळ्यांच्या समोर."

"सगळ्यांच्या समोरच. त्या लांबच्या गड्यानं मान खाली घातली बघ, ते अजून आठवतंय मला."

"तुम्हाला लागलं?"

"लागलं. दोन दिवस जेवले नाही."

खोलीत आम्हा दोघींशिवाय कोणी नाही, तरी सुपाचा आवाज कुठूनतरी येतो आहे.

"तिसऱ्या दिवशी जेवले," आक्का म्हणतात. "भूक काय तुझ्यावर रुसून बसणार होती? आणि तुझ्यावर तरी किती दिवस रुसायचं. तू रुसवा काढायला यायची नाहीस, हे ठाऊक होतं मला."

"नाही आले."

"आता आलीयस की."

त्या हे इतकं साधं म्हणतात, मीठ कमी आहे म्हणावं तसं, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उठून बाहेर जातं. मग मला ते दोन दिवस आठवतात. तेच दोन दिवस रणजितही जेवला नव्हता. मी समजले पोराला दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, दोन वेळा. तिसऱ्या दिवशी तो जेवला, आणि मी शेजारणीला सांगितलं की दृष्ट किती भारी होती बघ.

हे मी आक्कांना सांगते. त्या घास धरलेला हात तसाच ठेवून हसतात. हसता हसता त्यांना ठसका लागतो आणि मी पाठीवरून हात फिरवते. पाठ ऊबदार आहे.

"मीठ-मोहऱ्या," त्या डोळे पुसतात. "आणि मी तिकडं गोठ्यात उपाशी."

"मला कळलंच नाही आक्का."

"तुझी ती नात. काय नाव?"

"रेवा."

"तिनं तुला जेवताना कधी बघितलंय का?"

मी हो म्हणायला जाते. मी तिला भरवते, ती झोपते, मग मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभी राहून भिंतीकडं तोंड करून जेवते. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसतात तेव्हा मी वाढते. प्राची रोज म्हणते, आई तुम्हीपण बसा. मी म्हणते, मला भूक नाही, मागून बसते. सासूबाई जाऊन चोवीस वर्षं झाली. मला कोणी अडवलेलं नाही. तीन आठवड्यांत त्या पोरीनं माझ्या तोंडात एक शीतही जाताना पाहिलेलं नाही.

"तुझ्या हातात नेहमी घास असतो आणि तो नेहमी तिच्याकडं येतो," आक्का म्हणतात. "जी बाई स्वतः काही खात नाही, तिच्या हातचं कोण खाईल? मला तरी संशय आला असता."

"मग मी काय करू? मला चारच दिवस राहिलेत."

"चार दिवस कशाला लागतात? बस इथं."

"कुठं?"

"इथं. माझ्या शेजारी. पाय पसर. गुडघे दुखतात ना तुझे?"

मी बसते. शाळा गेलेली आहे, पुन्हा खळं आहे, ऊन अंगावर घ्यावं इतपत आहे. आक्का ओटा माझ्याकडं सरकवतात. मी हात पुढं करते, आणि मान आपोआप मागं वळते. पुरुष जेवले का, सासूबाई बसल्या का.

"कोणी नाही तिथं," आक्का म्हणतात. "कधीचंच कोणी नाही. खा."

मी चिमूटभर घुगऱ्या तोंडात टाकते. हुलगा बाहेरून टणक, आत पिठूळ. मातीसारखी जुनी चव, आणि मीठ. मी आणखी घेते. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार भूक लागली आहे. मला पदर आठवत नाही. आक्का खातात, मी खाते. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला आहे. मी भराभर चावते, आणि लाज वाटत नाही.

"सावकाश, हावरे," आक्का म्हणतात.

आम्ही दोघी हसतो. मोठ्यानं.

गालाला गरम वारा लागतो. दुधाचा वास येतो त्याला. आणखी जवळ येतो. डोळे उघडते तर पंखा आहे, हॉल आहे, आणि माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर रेवाचं तोंड आहे. ती चटईवर पोटावर पालथी पडली आहे, हनुवटी हातावर टेकून. सोफ्यामागून ती कधी आली मला कळलं नाही. मी हालत नाही. माझा जबडा मात्र अजून चावतो आहे.

"आजी," ती हळूच विचारते, "तू काय खातेस?"

"हुलगे," मी म्हणते.

"दाखव."

मी तोंड उघडते. ती उठून बसते, माझा खालचा ओठ दोन बोटांनी ओढते आणि डॉक्टर बघतात तशी आत वाकून बघते. तिची बोटं गार आहेत आणि मला भीत नाहीत.

"संपले सगळे," ती म्हणते. मग आणखी वाकते. "एक राहिलंय."

दाताच्या फटीत बोट घालून ती काहीतरी काढते आणि तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरते. तपकिरी, नखापेक्षा लहान, एका बाजूला मुडपलेलं टरफल. ते हुलग्याचं आहे. मी जन्मभर हुलगा पाखडला आहे, माझी त्यात चूक व्हायची नाही. या घरातल्या प्रत्येक डब्यावर प्राचीनं चिठ्ठी लावली आहे, आणि मला वाचायची हौस असल्यामुळं मी सगळ्या वाचल्या आहेत. हुलगा इथं नाही. गावाकडूनही मी आणलेला नाही.

रेवा टरफल उलटं करून बघते. त्याचा वास घेते. मी तिला खा म्हणत नाही आणि खाऊ नको असंही म्हणत नाही. मला खरोखरच भूक लागली आहे, आणि आता उठून, ताट वाढून, इथंच हॉलच्या मधोमध बसून जेवायचं मी ठरवलेलं आहे.

ती जिभेचं टोक टरफलाला लावते. थोडा विचार करते.

"खारट आहे," ती म्हणते, आणि मूठ मिटून घेते.