वसंता जागचा का हलला नाही

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. नवरा गेला, त्याला सांगितलं नाही. लेकींना सांगितलं नाही. देवळात जाते, तिथंही हात जोडून दुसरंच काहीतरी पुटपुटून येते. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगते. ओळखीच्या माणसाला हे सांगून पुन्हा त्याच्या घरचा चहा कसा प्यायचा?

फुटबॉलची गोष्ट आहे. हसायचं तर हसा.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी परकर नेसत होते. चौथी झाली, शाळा सुटली, पुढं काही वर्षांनी लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले. आमच्या घरामागं तेव्हा मोकळं मैदान होतं. आता दुकानं आहेत. त्या मैदानावर मोहल्ल्याचा क्लब खेळायचा – आपली पोरं, मुसलमानांची पोरं, सगळी मिळून. माझ्या नवऱ्याला क्लबचं वेड. जिनिंगमध्ये मुकादम होता, पण डोक्यात कापूस कमी आणि चेंडू जास्त. मॅच मैदानात तासाभरात संपायची, आमच्या ओसरीवर आठवडाभर चालायची. सात-आठ माणसं जमायची. कोण चुकलं, कुणी पास द्यायला हवा होता, रेफ्री कुणाचा साडू आहे. नवऱ्याचा एकच धोशा – दोन बॅकनं भागत नाही, तिसरा पाहिजे. रज्जाकभाई शिंपी म्हणायचा, "नक्को मियाँ, तीन बॅक रखे तो गोल कौन करेगा, तुम्हारी बकरी?" मी चहा करायची आणि आतून ऐकायची. ऐकून ऐकून मला सगळं कळत होतं. गच्चीवरून मॅच दिसायचीच.

वसंता आमचा गोलकीपर. सोयगावकडचा. नवऱ्यानंच त्याला एका गावच्या सामन्यात पाहिलं आणि उचलून आणलं. जिनिंगमध्ये चिकटवलं, मागच्या खोलीत ठेवलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मला वहिनी म्हणायचा. माझ्या हातचं जेवायचा, ताट स्वतः घासायचा. वाईट होता असं नाही. हे आधीच सांगते, नंतर सांगितलं तर कळवळा वाटेल.

त्या वर्षी छावणीच्या टीमशी फायनल होती. बरोबरीत चाललेली. दुसऱ्या हाफला आमचा गोल आमच्या घराकडच्या बाजूला आला. वसंता माझ्याकडं पाठ करून उभा, मी गच्चीवर, त्याच्या मागं. छावणीच्या एका पोरानं लांबून चेंडू उंच उडवला. साधा चेंडू. शेंबड्या पोरानंही धरला असता. आणि वसंता – उभाच. हात खाली. चेंडू त्याच्या खांद्यावरून आत गेला. तेवढ्या एका गोलानं हरलो.

मग पुढचे कित्येक रविवार ओसरीवर एकच – वसंता जागचा का हलला नाही?

रज्जाकभाई म्हणायचा, "ऐसा खडा था जैसे फोटो खिंचाने कू आया." कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, छावणीवाल्यांनी काही खाऊ घातलं. कुणी म्हणालं, लग्न ठरलंय ना चितेगावला, पोरगी दिसत असंल डोळ्यापुढं. वसंता खांबाला टेकून बसायचा आणि एवढंच म्हणायचा, "दिसलाच नाय. खरं सांगतो, चेंडू दिसलाच नाय मला." त्यावर आणखी हसायचे. इतका मोठा चेंडू दिसला नाय व्हय रं?

मला माहीत होतं का दिसला नाही. मलाही दिसला नव्हता. दिवस कलला होता, ऊन समोरून सरळ डोळ्यात येत होतं. मी कपाळावर हात धरून बघत होते, तरी चेंडू उडाला तो त्या उजेडात विरघळला आणि एकदम खाली आला तेव्हा दिसला. त्याच्या आणि माझ्या डोळ्यांत एकच ऊन होतं. टॉस जिंकून कॅप्टननं ती बाजू दुसऱ्या हाफला घेतलीच कशाला, हा खरा प्रश्न होता.

एका रविवारी मी चहाचं ताट ठेवता ठेवता बोलून गेले. पुरुषांच्या बोलण्यात मी कधी पडत नव्हते. त्या दिवशी पडले. म्हणाले, "ऊन होतं त्याच्या डोळ्यावर. मी पाहिलं ना गच्चीवरून."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, खरंच की! मान वर करून उभी राहिले – ते मला अजून आठवतं. आणि वसंता हसला. म्हणाला, "वहिनी, मैदान म्हंजे काय पापड वाळवायची जागा हाय का, ऊन बघायला?"

अख्खी ओसरी हसली. रज्जाकभाईनं मांडी बडवली. माझा नवरा डोळ्यांतलं पाणी पुसत हसला. त्यानंतर मी चहा घेऊन आले की कुणीतरी विचारायचंच, "काय म्हणतंय आज ऊन? टीम काढायची का वाळत घालायची?"

वसंता तसं का बोलला, हे मला तेव्हाच कळलं होतं. इतके दिवस हसणं त्याच्यावर होतं. ते त्यानं माझ्याकडं वळवलं आणि सुटला. बुडणारा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देतो. समजलं होतं मला. समजून केलं.

नंतरच्या एका रविवारी वसंता चितेगावला होणाऱ्या सासुरवाडीच्या माणसांकडं गेला होता. ओसरीवर वाद पेटलेला – पुढच्या टुर्नामेंटला त्याला ठेवायचं का काढायचं. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मी चहा ठेवला आणि कळवळून म्हणाले – हो, कळवळून – "किती बोलता त्या लेकराला? त्याच्या हातात हाय का ते?"

नवरा म्हणाला, "काय हातात नाय?"

"जाऊ द्या. मी नाय बोलायची."

मग काय, सोडतात होय? मी पदर तोंडाला लावला. दोनदा नाही म्हणाले. आणि मग सांगितलं, की मागच्या अंगणात पडला होता. डोळे पांढरे. तोंडाला फेस. मी एकटीच होते, कांदा फोडून हुंगवला तेव्हा शुद्धीवर आला. फेफरं येतं त्याला. त्याचं त्याला कळत नाही, म्हणून मी बोलले नव्हते, उन्हाचं नाव पुढं केलं होतं.

असलं काही झालं नव्हतं. एवढंसुद्धा नाही.

माझी कल्पना अशी होती की त्याला हसतील. हसले नाहीत. रज्जाकभाईनं कानाला हात लावले, "तौबा, हम क्या क्या बोले उस बच्चे कू." आणि मग एकेकाला आठवायला लागलं. मागल्या साली हातातून चेंडू निसटला होता, तो त्याचाच झटका. सकाळी उठवलं तर लवकर उठत नाही, त्याचंच. एकदा पेला पडला होता हातातून. मी एक खोटं बोलले, पुरावे त्यांनी गोळा केले. इतके रविवार जे कोडं सुटत नव्हतं ते सुटलं, आणि सगळ्यांना किती बरं वाटलं! माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. वहिनीला सगळं ठाऊक होतं. पापडाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मला बरं वाटलं का? वाटलं. खूप.

त्यानंतर त्याला कुणी शिवी दिली नाही. तेच वाईट होतं. शिव्या खाऊन माणूस खेळतो, दयेवर नाही खेळत. त्याला गोलवरून काढलं, बाहेर खुर्ची दिली. सायकल चालवू देईनात. जिनिंगमध्ये मशीनपासून लांब बसवलं.

चितेगावहून मुलीचा बाप आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्या. लोकं काय बी बोलत्यात. तुम्ही सांगा, खरं का खोटं?"

इथं थांबता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "पोरगी तुमची हाय भाऊ. इचार तुम्ही करा."

सोयरीक मोडली.

वसंता माझ्याकडं येणार हे मला माहीत होतं. मी तयारी करून बसले होते. ओरडला तर ओरडायचं, शपथ घातली तर घ्यायची. तो आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ओरडला नाही. समोर उकिडवा बसला. तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग हळू विचारलं, "वहिनी, ते येतं तेव्हा मी – कसा दिसतो?"

तुम्हाला कळलं का? त्यानं मानलं होतं. चेंडू का दिसला नाही, हे त्यालाही कोडंच होतं ना. मी उन्हाचं सांगितलं तेव्हा तो हसला. फेफऱ्याचं सांगितलं तर पटलं. माझ्यावर विश्वास होता त्याचा. जेवायला वाढणारी बाई खोटं कशाला बोलेल?

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी सांगितलं, कसा दिसतो ते. डोळे वर जातात. दात बसतात. हात असा वाकडा होतो – करून दाखवला. तो नीट बघत होता, शिकत असल्यासारखा.

मग मान खाली घालून म्हणाला, "अन् कपडे?"

मी म्हणाले, "व्हय. खराब झाले होते. मीच धुतले."

हे कशाला? बाकीचं खोटं निभवायला हे लागत नव्हतं. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. पण म्हणाले. तो उठला आणि माझ्या पाया पडला.

पुढं तो सोयगावला भावाकडं गेला. तिथं कुणीतरी विळा तापवून मानेवर डाग दिले. मग डॉक्टर. डॉक्टरनं विचारलं, कुणी पाहिलं, कसं होतं. त्यानं मी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, हात वाकडा करून दाखवला. गोळी सुरू झाली. विहिरीवर एकटं जाऊ देत नसत, गाडी हाकू देत नसत. लग्न झालंच नाही. हे मला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत होतं. मी ऐकायची आणि "अरे अरे" म्हणायची.

नवरा वारल्यावर बऱ्याच वर्षांनी, उस्मानपुऱ्यातच एका लग्नात भेटला. केस पांढरे, चालणं संथ. गोळीनं तसं होतं म्हणतात, सुस्ती राहते. मानेवरचे डाग कॉलरच्या वर दिसत होते. मला बघून त्याला इतका आनंद झाला! पंगतीत माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "वहिनी, तेव्हापासून एकदा बी आलं नाय. एकदा बी नाय. देवाची कृपा, अन् तुमची. तुम्ही त्या दिवशी नसता तर तिथंच गेलो असतो."

मग जरा लाजून म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, आता सोडून बघू. मला भ्या वाटतं. तुम्ही पाहिलंय, म्हणून तुम्हाला इचारतो. सोडू का गोळी?"

नवरा गेलेला होता. क्लब मोडला होता. रज्जाकभाई नव्हता. मला हसणारं, मला जाब विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. खरं बोलले असते तर एका म्हाताऱ्या माणसाशिवाय कुणाला कळलंही नसतं. तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता, घास हातात धरून.

मी म्हणाले, "नको रे बाबा. सोडू नको."

त्यानं मान डोलावली आणि घास तोंडात घातला. वाढणारा आला, मी त्याच्या ताटात आणखी एक जिलबी टाकायला सांगितली.